अक्काविना नांदेडला

अक्का म्हणजे माझी चुलत बहीण. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून मला पुढं शिकायला निलंग्याला मोठ्या बाबांकडं, म्हणजे अक्काच्या वडिलांकडं, ठेवलं. मोठे बाबा पंचायत समितीत शिपाई होते. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली अक्कानं जिंकलेल्या दोन ढाली. मी आले तेव्हा ती दहावीत होती, आणि बाजारात भाजी घ्यायला गेलं तरी लोक तिच्याकडं बोट दाखवायचे, "ती खो-खोवाली पोरगी."

ती दिसायला काही खेळाडूसारखी नव्हती. बारीक, जराशी वाकून चालणारी. पण मैदानात उतरली की समोरच्या मुलींना कळायचंच नाही, ही कुठून गेली. खो-खोत बसणाऱ्या मुलींच्या मधून पळणारीला इकडून तिकडं जाता येतं, पाठलाग करणारीला जाता येत नाही. सगळा खेळ त्या एका फरकावर चालतो. अक्का त्या फरकाचं सोनं करायची. अंगावर धावून आलेल्या मुलीला ती अगदी जवळ येऊ द्यायची, हात लागणारच असं वाटायचं, आणि मग डाव्या पायावर गर्रकन वळून ती पलीकडं असायची. समोरची मुलगी हवेत हात मारून तोंडावर पडायची. एकदा मी तिला विचारलं, "तुला भीती न्हाई वाटत, हात लागंल म्हणून?"

"वाटते की," ती म्हणाली. "भीती वाटली की मगच वळायचं. आधी वळलं तर तिला कळतंय."

आमचे खेळाचे सर औशाचे. निलंग्यात खोली करून राहायचे. पहाटे शाळेच्या मैदानावर आम्हां मुलींना बोलवायचे. मुलींनी अर्ध्या चड्डीत पळायचं म्हणजे त्या काळी सोपं नव्हतं. कुणाचा भाऊ येऊन उभा राहायचा, कुणाची आजी. सर प्रत्येकीच्या घरी जाऊन बसले होते, चहा पीत, ऐकून घेत. आमच्याकडं त्यांना फार बसावं लागलं नाही. मोठे बाबा म्हणाले, "पळू द्या सर. आमच्या मायबापांना पळायला जागा नव्हती." तेवढंच. मोठ्या मायनं अक्कासाठी निळ्या कापडाची गुडघ्यापर्यंतची चड्डी हातानं शिवली, आणि नंतर मलाही तसलीच.

जिल्ह्याच्या संघात अक्काची निवड मात्र कधी धड झाली नव्हती. तेव्हा लातूर वेगळा जिल्हा झालेला नव्हता, आमचा तालुका जुन्या जिल्ह्यात होता. जिल्ह्याच्या गावातल्या मुली लहानपणापासून एकत्र खेळलेल्या, एकीनं खो दिला की दुसरी डोळे मिटून उठायची. त्या साखळीत बाहेरची कडी बसवायची कशी, असं तिथले लोक म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. अक्का दोन वर्षं राखीव म्हणून गेली. दोन्ही वेळा बाकावर बसून आली. घरी आल्यावर ती कुणाबद्दल वाईट बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे सरांच्या आधी मैदानावर जाऊन पळत बसली.

मग लातूर जिल्हा झाला. गावात गुलाल उडाला, मिठाई वाटली, कचेरीच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसायला रंगारी शिडीवर चढला. मोठ्या माणसांना त्यात काय काय दिसत होतं ते मला ठाऊक नाही. आम्हांला एकच दिसलं. सर संध्याकाळी सायकल घेऊन दारात आले आणि उतरायच्या आधीच ओरडले, "अगं, आपला जिल्हा झाला! आता आपला संघ!"

अक्का भाकरी थापत होती. पिठाच्या हातानंच ती बाहेर आली. "म्हणजे मी खेळणार?"

"तू न्हाई तर कोण? संघ तुझ्याभोवतीच बांधायचाय." सरांनी तिथंच पडवीत बसून सांगितलं. औसा, उदगीर, अहमदपूर, निलंगा, सगळीकडच्या मुली घेऊन पहिला संघ करायचा. राज्याची स्पर्धा संक्रांतीनंतर नांदेडला होती. "पळणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत तू. तू एकटीनं डाव खेचलास की मागच्यांना काळजी न्हाई."

नांदेड म्हणजे आम्हांला फार लांब. अक्कानं मोठ्या बाबांना विचारलं, गोदावरी केवढी असती हो? ते म्हणाले, "एवढी की पलीकडचा माणूस ओळखू येत न्हाई." ती हसली. तिनं आयुष्यात तेरणा आणि मांजरा सोडून नदी बघितली नव्हती, आणि त्या दोन्ही त्या वर्षी वाळूच होत्या.

पाऊस पडलाच नव्हता. आदल्या वर्षीही जेमतेम होता. जिल्हा झाला तो ऐन पावसाळ्यात, आणि आभाळ धुतलेल्या ताटासारखं कोरडं. दसऱ्यापर्यंत नळ बंद झाले. मैदानावर आधी पाणी शिंपडून मग खेळायची आमची रीत होती, ती मोडली. माती दगडासारखी झाली. सूर मारला की कोपराची साल निघायची. सर आणि आम्ही कुदळीनं मैदान उकरायचो, चाळून खडे काढायचो. दोन दिवसांनी ते पुन्हा घट्ट. सरांनी सांगितलं, "हिला कामाला लावू नका. हिचे पाय जपायचेत." मोठ्या मायनं ते मनावर घेतलं होतं. पाण्याला ती स्वतः जायची, नाहीतर मला न्यायची. अक्काला घागर उचलू द्यायची नाही. शेजारच्या बाया हसायच्या, "राणी हाय का तुझी लेक?" मोठी माय म्हणायची, "हाय. नांदेडला जायाचीय."

गावाबाहेर एक जुनी बारव होती. दगडी पायऱ्यांची, खूप खोल. माझ्या आजोबांच्या काळात आमच्या लोकांना त्या पायऱ्यांवर पाय ठेवायची सोय नव्हती. आता नळ आटल्यावर सगळं गावच तिथं रांग लावून होतं आणि कोण कुणाच्या मागं उभं आहे हे बघायला कुणाला वेळ नव्हता. पाणी रोज खाली जात होतं. एरवी वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेल्या पायऱ्या उघड्या पडत होत्या. त्यांच्यावर हिरवं शेवाळ. वरवर वाळलेलं, पण आतून ओलं.

त्या दिवशी मोठी माय तापानं फणफणली होती. घरात प्यायलाही पाणी नव्हतं. मी घागर घेऊन निघाले तर अक्का म्हणाली, "एका घागरीत काय होतंय? मी येते. सरांना सांगू नको म्हणजे झालं." मोठी माय आतून म्हणाली, "जाऊ नको गं." पण आवाज इतका बारीक होता की तो नाही म्हणण्यासारखा वाटलाच नाही.

सकाळची वेळ होती. ऊन पायऱ्यांवर निम्म्यापर्यंत आलं होतं. अक्का घागर भरून माझ्या पुढं चढत होती. वरून एक म्हातारी खाली येत होती, तिला वाट द्यायला अक्का बाजूला वळली. एवढंच झालं. पाय शेवाळावर होता तिथंच राहिला आणि अंग वळलं. मला आवाज ऐकू आला, वाळकी काडी मोडल्यासारखा. घागर गडगडत खाली पाण्यात गेली. अक्का पायरीवर बसली. ओरडली नाही. दोन्ही हातांनी डावा गुडघा धरून ती माझ्याकडं बघत होती, जणू काही मीच तिला आता काय झालं ते सांगणार होते.

आम्ही दोघीतिघींनी तिला उचलून वर आणलं. बारवेच्या तोंडाशी बांगड्या विकणारे एक चाचा होते, रोज त्या वाटेनं हातगाडा घेऊन बाजारात जायचे. त्यांनी गाडा थांबवला, बांगड्यांचे तोडे भराभर काढून जमिनीवर चादरीत ठेवले आणि गाड्यावर आपला पटका अंथरला. "इसपे लिटाव. पाँव हिलाव नको बेटी," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः गाडा ढकलत घरापर्यंत आणला. खड्डा आला की थांबायचे, हळूच चाक उतरवायचे. त्यांच्या बांगड्या तिकडं उघड्यावर राहिल्या होत्या. मी म्हणाले तसं, तर म्हणाले, "रहने दे. बांगड्या फुटल्या तर बांगड्याच हायेत."

गुडघा दुपारपर्यंत नारळाएवढा सुजला. हाड बसवणारा म्हातारा आला, त्यानं चोळलं, हळद-अंडं लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड मोडलं न्हाई, पंधरवड्यात पळंल, म्हणाला. घरात सगळ्यांनी तेवढं एकच वाक्य धरून ठेवलं. मोठी माय ताप उतरल्यावर अक्काच्या पायाशी येऊन बसायची आणि उगाच पावलाला तेल लावत राहायची. दुखत होता तो गुडघा, पण तिथं हात लावायचा तिला धीर होत नव्हता.

सूज उतरली तरी पाय भरवशाचा वाटेना, तेव्हा सर आणि मोठे बाबा तिला एसटीनं लातूरला हाडांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं अक्काला झोपवून तिचा पाय दुमडला आणि पोटरी धरून पुढं ओढली. ती जरा जास्तच पुढं आली, मलासुद्धा दिसलं. त्यानं दुसरा पाय तसाच ओढून बघितला. मग हात धुतले.

"आतली दोरी तुटलीय," तो म्हणाला. "हाडाला हाड धरून ठेवणारी. ती आपोआप जुळत नाही. मुंबईला एखादा करत असेल ऑपरेशन, पण खात्री मी देणार नाही."

मोठ्या बाबांनी विचारलं, "चालता येईल ना, साहेब?"

"येईल की. घरकाम, शेतातलं काम, सगळं. सरळ चालली तर कुणाला कळणारही नाही."

अक्का उठून बसली. ती म्हणाली, "वळता?"

डॉक्टरनं तिच्याकडं नीट बघितलं. "तेच येणार नाही. पळता पळता वळलीस की गुडघा सुटेल."

"खो-खोत सरळ कोण पळतंय, साहेब?"

सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. येताना एसटीत आम्ही चौघं दोन बाकांवर बसलो. औशाला सर उतरणार होते, घरी जाऊन यायचं म्हणून. उतरले नाहीत. निलंग्यापर्यंत आमच्याबरोबर आले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण मैदानावर सगळं विस्कटलं होतं. सरांनी अख्खा संघ अक्का आहे असं धरूनच रचला होता. तीच पहिल्यांदा पळायला उतरणार, तीच शेवटच्या चौकोनात बसून खांबाकडं सूर मारणार. तिला काढल्यावर राहिलं काय? उदगीरच्या दोन मुली उंच होत्या पण दमायच्या. औशाची एक चपळ होती पण खो देताना घाई करायची. दुसऱ्या तालुक्यांतले क्रीडाशिक्षक बैठकीला आले. त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, ह्या वर्षी जाऊच नये. पहिलंच वर्ष, तिथं जाऊन हसं करून घ्यायचं का?" दुसरा म्हणाला, "दुष्काळ हायच. तेच कारण सांगू." सर म्हणाले, "जिल्हा झालाय तर संघ जाईल." पण त्या आवाजात सायकलवरून ओरडलेला आवाज नव्हता.

अक्काच्या जागी पहिल्या तुकडीत त्यांनी मला घातलं. मी अंगानं तिच्यासारखीच होते, तिच्याबरोबर पळून पळून थोडंफार शिकले होते. घरी येऊन मी तिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"चांगलं झालं," ती म्हणाली. मग तांदळातला खडा बाजूला टाकून, "तू लवकर वळतीस. भीती वाटायच्या आधीच."

एवढंच ती मला शिकवायला बोलली. मैदानावर ती आली नाही. शाळेच्या वाटेवरून जाताना मान खाली घालून जायची. डॉक्टर म्हणाला होता तसं खरंच झालं, सरळ चालली की कुणाला काही कळत नव्हतं. लोक म्हणायला लागले, बरी झाली की पोरगी. लंगडत न्हाई, काय न्हाई. हाडवाला म्हातारा तर रस्त्यात भेटून म्हणाला, "मी काय म्हणलो हुतो?"

आणि मला वाटतं, ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं.

संक्रांतीच्या आधी एका पहाटे आम्ही सराव करत होतो तेव्हा ती मैदानाच्या कडेला दिसली. अंगात ती निळी चड्डी होती. तिनं गुडघ्याला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळली होती. खेळ थांबला. सर तिच्याकडं गेले.

"डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरनं मला पळताना बघितलं न्हाई, सर. तुम्ही बघा."

सरांनी नाही म्हणायला हवं होतं, असं पुढं कुणी कुणी म्हणाले. पण त्या सकाळी तिथं असतं तर त्यांनीही म्हटलं नसतं. आम्हां सगळ्यांनाच ते हवं होतं. सर इतकंच म्हणाले, "आधी सरळ पळ."

ती मैदानाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळाली. पूर्वीसारखी. औशाच्या मुलीनं टाळी वाजवली. मग ती खांबाला वळसा घालून आली, रुंद वळसा. काही झालं नाही. सरांचा चेहरा उजळला होता, मला तो अजून दिसतो. ते म्हणाले, "बसा गं. एक डाव, हळू."

आम्ही बसलो. उदगीरची उंच मुलगी पाठलागाला उठली. अक्का तिच्यापुढून दोनदा निसटली, नुसती पळून. तिसऱ्या वेळी ती थांबली, तिला जवळ येऊ दिलं, अगदी जवळ, आणि डाव्या पायावर वळली.

ह्या वेळी आवाज आला नाही. पायच नसल्यासारखी ती खाली आली. उदगीरची मुलगी तिच्यावर पडू नये म्हणून बाजूला कोसळली. धूळ बसल्यावर अक्का एका कुशीवर पडलेली दिसली, गाल मातीला लावून. ती उठायचा प्रयत्नही करत नव्हती. सर जाऊन तिच्याशेजारी मातीतच बसले. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. अक्का म्हणाली, "सर, पोरींना खेळू द्या. ऊन होतंय."

तिला घरी मीच आणलं, माझ्या खांद्यावर भार टाकून. पडवीत मोठी माय उभी होती. तिनं अक्काचा मातीनं माखलेला गाल बघितला आणि तिथंच खाली बसली. "मी उठून पाणी आणलं असतं तर..." एवढंच ती म्हणायला लागली, पुन्हा पुन्हा. अक्का तिच्या शेजारी पाय लांब करून बसली आणि आईची पाठ थोपटत राहिली. "कशाला रडलालीस माय? तुला ताप होता." तिचा स्वतःचा आवाज जरासुद्धा हलत नव्हता. मला तेच सहन होईना. मी आत जाऊन चुलीपुढं बसले.

नांदेडला आम्ही गेलो. निघताना अक्का स्टँडवर आली नाही. तिनं माझी पिशवी भरून दिली, दशम्या आणि लसणाची चटणी, आणि सकाळीच मोठ्या बाबांचा डबा द्यायला म्हणून कचेरीत निघून गेली.

गोदावरी आम्ही पुलावरून बघितली. दुष्काळात तीही आटलेली, मधेमधे खडकांत पाणी. पलीकडचा माणूस ओळखू येत होता.

पहिलाच सामना आम्ही हरलो, मोठ्या फरकानं. मी पहिल्या तुकडीत उतरले आणि लवकर बाद झाले. दुसऱ्या सामन्यात जरा बरं खेळलो, पण हरलोच. पाठीवर नव्या जिल्ह्याचं नाव शिवलेलं होतं, आणि प्रेक्षकांत कुणीतरी विचारलं, "हा कुठला जिल्हा?" सर म्हणाले, "नवा हाय." कुणी हसलं नाही. हसण्याइतकंही कुणाचं आमच्याकडं लक्ष नव्हतं.

सामना संपल्यावर मी नळाच्या टाकीपाशी तोंड धूत होते. जुन्या जिल्ह्याच्या संघातली एक मुलगी आली. दाट वेण्या, रुंद खांदे. मी तिला ओळखत होते, अक्का बाकावर बसायची तेव्हा ही मैदानात असायची. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्यातली ती बारीक, वाकून चालणारी कुठंय?"

मी सांगितलं. गुडघा, बारव, सगळं. तिचा हात तसाच नळावर राहिला. पाणी वाया जात होतं.

"आमच्या बाईंनी जिल्हा झाल्यापासून एक वेगळीच साखळी बसवली होती," ती म्हणाली. "फक्त तिच्यासाठी. ती आता समोर येणार म्हणून. आम्ही रोज तोच सराव केला." मग नळ बंद करून म्हणाली, "तिला सांग."

परतीच्या एसटीत मी विचार करत होते, हे सांगावं का? सांगून तिला बरं वाटेल की जास्त लागेल? घरी पोचले तेव्हा अक्का पडवीत बसून कापसाच्या वाती वळत होती. किती फरकानं हरलो, कोण कसं खेळलं, काही विचारलं नाही. मी आपणहून सांगून टाकलं. वेण्यावाली मुलगी, नळ, साखळी.

ती ऐकत राहिली. "जिल्हा झाल्यापासून?"

"हाव."

"माझ्या एकटीसाठी?"

"हाव म्हणली ती."

अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. हसता हसता तिनं पदर तोंडावर घेतला आणि मग तो काढलाच नाही. खांदे हलत होते. बारवेवर पडली तेव्हा, डॉक्टरनं सांगितलं तेव्हा, मैदानावर पडली तेव्हा, ती रडली नव्हती. त्या संध्याकाळी ती रडली. मी तिच्या शेजारी बसून राहिले. मोठी माय दारापर्यंत आली, आणि आत गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सरांनी पुन्हा मुली गोळा केल्या आणि हळूहळू आमचा संघ एक-दोन सामने जिंकायला लागला. अक्का तेव्हा बारावीत होती. तिला खेळाची शिक्षिका व्हायचं होतं, पण त्या कॉलेजात जायचं तर पळून दाखवावं लागायचं. तिनं चौकशीसुद्धा केली नाही. उदगीरचं स्थळ आलं. पाहुण्यांना मोठ्या बाबांनी गुडघ्याचं सरळ सांगितलं. मुलाचा बाप म्हणाला, "चालते ना? मग झालं." लग्नात मुलीनं सावकाश चालायचं असतं, तेही शोभून दिसलं.

ती चांगली नांदली. दोन मुलं झाली. घर तिनं नीट चालवलं. फक्त जिना उतरताना कठडा धरायची, आणि गर्दीत कुणी धक्का दिला की चेहरा पांढरा व्हायचा. खो-खो तिनं परत कधी बघितला नाही. तिच्या मुलीनं शाळेत नाव दिलं होतं, तेव्हा ती नाही म्हणाली नाही, पण बघायलाही गेली नाही. मुलीनं वर्षभरानं आपणच सोडलं.

मोठी माय जाईपर्यंत तिला ते पाणी विसरता आलं नाही. शेवटच्या आजारपणात अक्का तिला चमच्यानं पाणी पाजायची तर ती तोंड फिरवायची. अक्का वाट बघायची, मग पुन्हा चमचा पुढं करायची.

मागच्या वर्षी मी उदगीरला गेले होते. अक्काचा मुलगा म्हणाला, "मावशी, आता लातूरलाच होतंय हे ऑपरेशन. दुर्बिणीतनं. दोरी नवी बसवतात. तुम्ही सांगा आईला, माझं ऐकत न्हाई."

अक्का खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. तिला आता खाली बसता येत नाही. मी म्हणाले, "कर की गं. दुखायचं तरी थांबंल."

"आता वळून कुठं जायाचंय मला?" ती म्हणाली.

मुलगा हसला. मला हसता आलं नाही. मी तिच्या समोरची परात ओढून घेतली आणि आम्ही दोघी मिळून राहिलेल्या शेंगा सोलल्या.